हंसछाप पेनाची मऊ निब

चिटणीसबाईंनी मागच्या सभेत सांगितले, की लोणची, मुरंबे आणि लोकरीचे टाके यांवर आपल्या स्मरणिकेत दरवर्षी येते. यंदा कोणीतरी इतिहासावर लिहावे. इतिहास म्हटल्यावर सगळ्याजणी एकमेकींकडे पाहू लागल्या. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा राजेरजवाड्यांच्या इतिहासाला हात घालण्याची माझी छाती नाही. पण आमच्या घरात निघालेल्या एका जुन्या पेनापायी गेले वर्षभर मी जे वाचले, विचारले आणि स्वतःच्या हाताने बिघडवूनही पाहिले, ते इतिहासातच मोडेल असे वाटून चार शब्द लिहीत आहे. इंग्रजी मजकूर मुलीने वाचून सांगितला. चूकभूल द्यावी घ्यावी.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत आजेसासऱ्यांचे कोर्टातले कागद, एक चष्म्याचे घर, लाल कापडी बांधणीची जमाखर्चाची वही आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले एक काळे पेन होते. आजेसासरे तालुक्याच्या कोर्टात कारकून होते. पेनाच्या अंगावर बारीक नक्षीच्या रेघा, बाजूला उचलायची एक छोटी दांडी, आणि पुसून पाहिल्यावर हंसाचे चित्र व खाली इंग्रजी नाव. लंडनच्या मेबी टॉड कंपनीचे ते ‘स्वान’ पेन. निब पिवळी.

मुलाच्या शाईच्या बाटलीत ती बुडवून मी कागदावर ‘श्री’ काढला, तर रकाराची उभी रेघ ओढताना निबेची दोन्ही पाती चक्क फाकली आणि रेघ बोटभर वाटावी इतकी जाड आली. यजमान म्हणाले, “निब मेली आहे. सैल झाली. टाकून दे, नाहीतर सोन्याची असेल तर सराफाला दाखव.” मी सराफाकडे नेली. त्यांनी कस लावून चौदा कॅरेट सांगितले. वजन ग्रॅमाच्या आतच भरले. तरी आजच्या भावाने पैसे बरे येत होते आणि धाकट्याच्या क्लासची फी तोंडावर आली होती, खोटे का बोलू? पण ताजव्यातली ती इवलीशी निब पाहून काय वाटले कोण जाणे, ‘उद्या येते’ म्हणून मी ती परत रुमालात बांधली.

ती निब मेलेली नव्हती. ती तशीच केलेली होती.

हे समजायला आपल्याकडच्या बोरूपासून सुरुवात करावी लागेल. बोरूचे टोक तिरके छाटलेले असते. हात एकाच कोनात धरून लिहिले की एका दिशेची रेघ जाड व दुसऱ्या दिशेची बारीक आपोआप उमटते. जोर लावावा लागत नाही. जुन्या पोथ्यांतले बाळबोध अक्षर असे घडले. इंग्रजांचा प्रकार निराळा. त्यांचे लेखणीचे साधन म्हणजे पक्ष्याचे पीस. त्याचे टोक अणकुचीदार व मध्ये चिरलेले असे. हलक्या हाताने केसासारखी रेघ येई, आणि दाबले की चीर उघडून रेघ फुगे. म्हणजे बोरूची जाडी कोनातून येते आणि पिसाची दाबातून. पुढचे सगळे या एका फरकावर उभे आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडात व्यापार वाढला, पेढ्या वाढल्या, आणि कारकुनांना एक डौलदार, न थांबता चालणारे अक्षर लागू लागले. खाली येणारी रेघ जाड, वर जाणारी बारीक. त्याचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापीत. जॉर्ज बिकहॅम नावाच्या कोरक्याने १७३३ ते १७४१ या काळात नामांकित लेखनिकांचे कित्ते कोरून ‘युनिव्हर्सल पेनमन’ हा मोठा ग्रंथ काढला. हे वळण तांब्याच्या पत्र्यावरून आले म्हणून त्याला कॉपरप्लेटच म्हणू लागले. पुढे इंग्रजी कचेऱ्यांबरोबर ते आपल्याकडेही आले. आजेसासऱ्यांच्या कागदांत जे इंग्रजी अक्षर आहे ते याच वळणाचे. मी ते न वाचताही नुसते पाहात बसते.

पीस लौकर झिजे व पुन्हापुन्हा तासावे लागे. म्हणून १८२० नंतर बर्मिंगहॅम शहरात पोलादी निबा यंत्रावर होऊ लागल्या. जोसेफ गिलॉट, जोसाया मेसन ही त्या धंद्यातली मोठी नावे. आपल्या वडीलधाऱ्यांनी शाळेत दौतीत बुडवून जो टाक वापरला, त्याची निब याच कुळातली. भगिनींनो, या ठिकाणी मला जरा थांबायचे आहे. कारण कारखान्यांवर नावे पुरुषांची असली, तरी आतल्या कामगारांत बहुसंख्य मुली आणि बाया होत्या. रांगेने बाकांवर बसून हाताने ओढायच्या छोट्या दाबयंत्राखाली पत्रा धरायचा, कापायचा, भोक पाडायचे, वाकवायचे. पोलाद तापवून पाणी देण्याचे काम व हत्यारे घडवण्याचे काम पुरुषांकडे, आणि बाकीची नजरेची व बोटांची कामे बहुतेक बायकांकडे. सगळ्यांत नाजूक काम चीर पाडण्याचे. दोन पाती अगदी बरोबर सारखी व्हायला हवीत. केसभर इकडेतिकडे झाले की निब वाया. एकेक बाई दिवसाला हजारोंनी निबा काढी, आणि माल बिघडला तर दंड होई. निबा ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांच्या पेट्यांतून, जगभर जात. पेटीवर चित्र असे ते मालकाचे. ज्यांच्या बोटांनी ती चीर पाडली त्यांतल्या फार थोड्यांची नावे कोणाला ठाऊक असतील.

पोलादाला एक खोड होती. त्या वेळच्या शाईत आम्ल असे, त्याने ते गंजे. आपल्याकडेही हिरडा आणि हिराकस घालून शाई करीत, ती याच जातीची. टाकाची निब गंजली तर बदलता येते, पण पेनात कायमची राहणारी निब न गंजणारी हवी. म्हणून सोने. शुद्ध सोने किती मऊ हे आपल्याला सांगायला नकोच; बांगडी चेपते ती त्यानेच. चौदा कॅरेट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोने व बाकी तांबे, चांदी वगैरे. त्याने सोन्याला एक प्रकारची उसळी येते. वाकते आणि परत जागेवर येते. टोक मात्र कागदावर घासून झिजेल, म्हणून त्यावर इरिडियम व ऑस्मियम या फार कठीण धातूंचा मोहरीहून लहान मणी जोडतात. ही युक्ती जॉन आयझॅक हॉकिन्स याने १८३० नंतरच्या दशकात साधली.

राहिला प्रश्न शाई पोटात ठेवून ती बेताने सोडण्याचा. तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडले तर तेल येत नाही आणि मोठे पाडले तर भसकन येते, हा अनुभव प्रत्येकीचा आहे. शाई बाहेर यायला हवा आत जावी लागते. निबेखाली जी काळी जीभ असते तिच्यात बारीक खाचा पाडून हे दोन्ही जमवण्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या लुइस एडसन वॉटरमन यांना देतात. त्यांचे पेटंट १८८४ चे. विम्याच्या कागदावर शाईचा डाग पडून त्यांचे मोठे गिऱ्हाईक गेले आणि त्या रागात त्यांनी पेन शोधले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण ती मागाहून जाहिरातीसाठी रचलेली असे आता शोध घेणारे म्हणतात. मलाही ती जरा जास्तच जमलेली वाटली.

तेव्हापासून पुढची चाळीस-पन्नास वर्षे अशा मऊ निबांची. गिऱ्हाइकाने दुकानात बसून आपल्या हाताजोगी निब निवडायची. वॉटरमनने १९२७ मध्ये सात नंबरचे पेन काढले, त्यात टोपणावरच्या पट्टीचा रंग पाहून निब ओळखता येई. बारीक व लवचीक निबेचा रंग गुलाबी. हंसछाप पेने करणारी मेबी टॉड मूळची न्यूयॉर्कची, पण पुढे तिचा धंदा लंडनलाच रुजला.

मग ही निब गेली कुठे? पहिला घाव टाइपरायटरने घातला. १८७० नंतर रेमिंग्टनचे यंत्र निघाले व हळूहळू कचेरीतले सुंदर अक्षराचे काम त्याने घेतले. दुसरा कार्बन कागदाने. एकाखाली एक तीन प्रती काढायच्या तर पेन दाबून लिहायला हवे, आणि मऊ निब दाबली की फाकते. म्हणून कंपन्या खिळ्यासारख्या ताठ निबा करू लागल्या. १९४१ चे पार्कर ५१ पुष्कळांना आठवत असेल. त्याची निब जवळजवळ टोपीत लपलेली आणि ताठ. नंतर बॉलपेन. हंगेरीच्या लाझ्लो बिरो यांनी ते सिद्ध केले, आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात साडेबारा डॉलरला एक असे विकायला आले तेव्हा लोकांच्या झुंबडी उडाल्या. पुढची गंमत पाहा. १९५२ मध्ये हंसछाप पेनाची कंपनी बिरोच्याच बॉलपेन कंपनीत गेली, तिचे नाव बिरो-स्वान झाले, आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या बिकने तीही घेतली. अलीकडे काही कारखाने पुन्हा लवचीक म्हणून निबा काढतात. पण जुन्या चांगल्या निबेइतकी मऊ त्यांत क्वचितच, असे पुण्यातले ज्या वृद्ध गृहस्थांनी माझे पेन दुरुस्त केले ते म्हणाले. जुन्या निबा अजूनही सोन्यासाठी वितळवल्या जातात, हेही त्यांनीच सांगितले. मी मान खाली घातली.

ओळखायची कशी ते त्यांच्याकडूनच शिकले. जुनी आणि सोन्याची म्हणजे मऊच, असे मुळीच नाही. कार्बन प्रतीसाठी केलेल्या सोन्याच्या निबाही पुष्कळ आहेत. आधी निबेवर चौदा कॅरेटचा छाप पाहावा. लोहचुंबकाला चिकटली तर सोन्याचा नुसता मुलामा. मग बाजूने पाहावे. मऊ निबेची पाती लांब आणि खांद्यापासून टोकाकडे निमुळती होत गेलेली दिसतात. मग अंगठ्याच्या नखावर टोक ठेवून अगदी हलकेच, पापणी दाबावी इतकेच दाबावे. पाती सहज उघडली आणि सोडताच मिटली तर निब मऊ व जिवंत. उघडली पण पुरती मिटली नाहीत, दिव्यासमोर धरल्यावर टोकाशी मधून उजेड दिसला, तर ती कोणीतरी ताणून दुखावलेली. दाबून पाहण्याचा मोह एकदाच पुरवावा. दर पाहुण्याला करून दाखवू नये.

आता मी काय बिघडवले ते सांगते. पेन स्वच्छ करायचे म्हणून मी ते गरम पाण्यात टाकले. ही पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असतात. पाण्यातून गंधकाचा वास आला तेव्हाच मी समजायला हवे होते. काळेभोर पेन एका बाजूने शेवाळी तपकिरी झाले ते झालेच. दुसरे, बाजूची दांडी उघडत नव्हती तर मी चमच्याच्या टोकाने उचकटली. आत रबराची पिशवी असते. ती पन्नास वर्षांत दगडासारखी झाली होती, तिचे तुकडे झाले. दांडी मोडली नाही हे नशीब. दुरुस्तीवाल्यांनी नवी पिशवी लाखेने चिकटवून बसवली. तीही आपलीच लाख बरे का, पाटल्यांत भरतात तीच जात. तेव्हा पेन सापडले तर थंड पाणी, मऊ फडके, आणि दांडीला हात नाही.

शाई फाउंटनपेनचीच घ्यावी, साधी निळी सर्वांत बरी. चित्र काढायची काळी शाई, किंवा घरी केलेली काजळाची वा हिरड्याची, मुळीच घालू नये. भरताना निब पूर्ण बुडवून दांडी उचलावी, सोडावी, आणि सावकाश दहा मोजेपर्यंत बाहेर काढू नये. लिहिताना पेन आडवे, सैल धरावे. जोर फक्त वरून खाली येताना. वर जाताना आणि आडवे जाताना पेन नुसते फिरवायचे. वर जाताना दाबले तर टोक कागदात रुतते व शाईचा शिंतोडा उडतो. खालच्या टोकाशी येण्याआधीच जोर काढून घ्यावा म्हणजे पाती मिटून रेघ नीट संपते. घाई केली, किंवा फार ताणले, तर शाई पुरी पडत नाही आणि एका रेघेच्या जागी आगगाडीच्या रुळांसारख्या दोन बारीक रेघा उमटतात. ती निबेची तक्रार समजावी. आपल्या बाळबोध अक्षरात या पेनाने काना जाड येतो, शिरोरेघ बारीक. बोरूच्या अक्षरापेक्षा रूप वेगळे, पण वाईट दिसत नाही. मी महिनाभर नुसते काने गिरवले.

आणि ते गिरवता गिरवताच मला ती लाल वही पुन्हा उघडावीशी वाटली. सराफाकडून परत आले त्या दिवशी मी ती नुसती चाळली होती. आता माझ्या बोटांना रेघा कळू लागल्या होत्या.

आजेसासरे १९६२ च्या आषाढात गेले. तोवरचा जमाखर्च त्यांच्या हातचा, कोर्टाच्या कारकुनाला शोभेल असा. त्यानंतर दोन पाने कोरी. आणि मग पुन्हा त्याच पेनाने, त्याच शाईने, पण निराळ्या हाताने लिहायला सुरुवात. पहिल्या पानावर ‘दूध’ शब्दाच्या उकारापाशी डाग. ‘रॉकेल’चा काना रुळांसारखा दुहेरी. एके ठिकाणी वेलांटी वर नेताना कागद फाटला आहे. पुढे ‘न.पै.’ अशी अक्षरे लहान होत, सावरत गेलेली. श्रावणात डाग कमी, दिवाळीपर्यंत काने सरळ. १९६५ च्या पानांवरचा ‘श्री’ असा काही आहे, की माझा तसा अजून येत नाही. तेच सगळे दोष मी गेल्या महिन्यात केले होते, त्याच क्रमाने.

आमच्या आजेसासूबाईंना सहीपुरतेच येते असे घरात सगळे सांगत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या होत्या; तीन वर्षे मी त्यांच्या हाताखाली स्वयंपाक केला, पण त्यांना लिहिताना कधी पाहिले नाही.

मी वही सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. १९६२ मध्ये ते शिक्षणासाठी कोल्हापूरला वसतिगृहात होते. बराच वेळ पाने उलटून झाल्यावर ते म्हणाले, “मला घरून दर पंधरा दिवसांनी पत्र येई. आई म्हणायची, शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेते. सुट्टीत आलो की मी मास्तरांचे आभार मानायचो, आणि ते हसायचे.” मग उठून त्यांनी कपाटातून एक पोस्टकार्ड काढले. पैसे जपून वापर, तूप पाठवले आहे, एवढाच मजकूर. वहीशेजारी ठेवले. काने तेच, शिरोरेघ तीच, आणि ‘तूप’च्या उकाराला तोच किंचित रुतलेला शेवट.

मास्तर जाऊन पुष्कळ वर्षे झाली. आईने हे का लपवले असेल ते सासऱ्यांना सांगता येईना; मी एकदोन कारणे मनात आणली, पण बोलले नाही. १९७४ च्या मार्चपासून वहीत बॉलपेन आहे. अक्षर तेच, पण सपाट. बहुधा तेव्हाच पिशवी गेली असावी.

क्लासची फी मी भिशीतून भरली. या लेखाचा कच्चा खर्डा त्याच पेनाने लिहिला. तो चिटणीसबाईंनी वाचता येत नाही म्हणून परत केला, तेव्हा मुलीकडून टाइप करून दिला आहे. कोणाच्या ट्रंकेत असे जुने पेन निघाले, तर सराफाकडे नेण्याआधी गुरुवारी मंडळात घेऊन यावे. नखावर टेकवून पाहू. फक्त येण्यापूर्वी दांडी उचकटू नये आणि गरम पाण्यात घालू नये.